शतपावलीची वेळ

रात्रीचं जेवण आटोपलं की आमचे आजोबा ओसरीवर फेऱ्या घालायचे. हात पाठीमागे, एका टोकाला लाकडी खांब, दुसऱ्या टोकाला माठ. खांबाला हात लावून वळायचे. याला व्यायाम म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती शतपावली होती.

त्यांच्या वयाला पोचलेले आम्ही पहाटे बूट चढवून बागेत जातो. चार फेऱ्या, मग कट्टा, आणि कुणाचा तरी वाढदिवस निघाला की इडली-वडा. घरी आलो की आजचा कोटा संपला! पुढे पेपर, जेवण, वामकुक्षी, मालिका. माझी तक्रार त्या पहाटेच्या तासाबद्दल नाही, उरलेल्या तेवीस तासांबद्दल आहे.

अमेरिकेत साठीपुढच्या, फारसं न चालणाऱ्या दहा जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना कधी सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं, कधी दुपारी तेवढंच, तर कधी तिन्ही जेवणांनंतर अर्ध्या तासाने १५-१५ मिनिटं. रक्तातली दिवसभराची साखर सकाळच्या चालण्यानेही सुधारली. पण रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात ठेवण्यात जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. माणसं दहाच, त्यामुळे एवढ्यावर डंका पिटू नये. तरी मला ओसरीवरचा माठ आठवलाच.

यामागचं कारण स्नायूंत आहे. एरवी साखर आत घ्यायला स्नायूला इन्सुलिनचा निरोप लागतो. काम करणारा स्नायू मात्र त्या निरोपावाचूनही साखर ओढतो; पेशीत दडलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि तिला आत नेतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही सोय बरीचशी शाबूत असते. पण वयाबरोबर स्नायूच झिजतो. म्हणून नुसतं चालून भागत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणंही हवं.

‘मी कुठे जाड आहे, मला कसला मधुमेह?’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची सडपातळ अंगकाठी अशी फसवी असते.

‘या वयात आता काय फरक पडणार?’ या प्रश्नाचं उत्तर २००२ सालच्या अमेरिकी अभ्यासात आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं त्यात होती. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि आहार सांभाळून थोडं वजन उतरवणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. मेटफॉर्मिनच्या गोळीने एकूण ३१ टक्के घट साधली, पण साठीपुढे तिचा प्रभाव फारसा दिसला नाही. म्हातारे तरुणांवर मात करून गेले.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा. आणि या दिवाळीत फराळाची बशी रिकामी झाली की सुनेला हाक मारू नका. बशी स्वतः उचला, विसळून ठेवा आणि तसेच गॅलरीत पंधरा मिनिटं फेऱ्या घाला.