घटक ४ : जुन्या संगणकाची सुधारणा आणि मराठी मजकुराचे जतन

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• चित्रकाम करताना जुना संगणक नेमका कोठे अडतो, हे ओळखता येईल.
• रॅम, साठवण, ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांच्या सुधारणेचा क्रम ठरवता येईल.
• जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये का व कसा आणावा, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मुद्रितशोधनाचा परिचय करून घेतला. हे काम आज कागदाइतकेच संगणकाच्या पडद्यावर चालते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहेत, आणि काहींचा चरितार्थ अक्षरजुळणीवरच अवलंबून असेल. म्हणून एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचा विचार या घटकात करावयाचा आहे : हाताशी असलेला जुना संगणक आजच्या चित्रकामास पुरेसा करता येईल काय, आणि तो करताना त्यातील मराठी मजकुराचे काय होईल?

विवेचन नेमके व्हावे यासाठी एक उदाहरण समोर ठेवू. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय आहे. समजा, तेथील बाजारपेठेत अक्षरजुळणीचे एक छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रके, शाळांचे अहवाल आणि अलीकडे मोठाले फ्लेक्स अशी कामे तेथे होतात. दुकानातील संगणक २०१३ साली घेतलेला आहे. त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ३२ बिटची विंडोज ७ ही प्रणाली आहे. पत्रिकेचे काम अजूनही निभते, परंतु फ्लेक्सची फाइल उघडली की यंत्र मिनिटमिनिट थांबून राहते. दुकानदाराला कोणी सांगतो, ‘ग्राफिक्स कार्ड टाका’. कोणी सांगतो, ‘हा भंगारात द्या, नवा घ्या.’ दोन्ही सल्ल्यांत एक उणीव आहे. काम कोठे अडते, हे दोघांनीही पाहिलेले नाही.

४.३ अडथळा ओळखणे

संगणकाचे काम चार ठिकाणी वाटलेले असते. प्रोसेसर आकडेमोड करतो. रॅम चालू कामाची फाइल हाताशी ठेवते. हार्ड डिस्क काम कायमचे साठवते. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरील चित्र घडवते. या चारांपैकी जो भाग सर्वांत मंद असेल त्याच्याच गतीने सगळे काम चालते. इतर तिघांवर कितीही खर्च केला तरी ही गती वाढत नाही.

हा मंद भाग ओळखण्यासाठी पैसे लागत नाहीत. नेहमीची सर्वांत जड फाइल उघडा आणि विंडोजमधील ‘रिसोर्स मॉनिटर’ हे साधन चालू ठेवून दहा मिनिटे काम करा. रॅम भरून गेली आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख वर चढून तेथेच राहिला, तर रॅम अपुरी आहे असे समजावे. रॅम मोकळी असूनही फाइल उघडताना आणि जतन करताना वेळ जात असेल, तर डिस्क मंद आहे. केवळ प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांवर टेकत असेल, तरच अडथळा प्रोसेसरमध्ये आहे. अशी नोंद हाती असल्याखेरीज सुट्या भागांसाठी पुण्याची फेरी करू नये. जाताना मदरबोर्डचा मॉडेल क्रमांकही टिपून न्यावा.

४.४ पहिली पायरी : मजकूर

यंत्राचा स्क्रू सोडवण्यापूर्वी त्यातील मजकुराचा विचार करावा लागतो. मराठीच्या अभ्यासकाने तर हे विशेषत्वाने लक्षात घेतले पाहिजे.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टमध्ये होत असे, त्यांत देवनागरी अक्षरांना स्वतःची ओळख नव्हती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांमध्येच देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असत. त्या विशिष्ट फॉन्टमुळे ती आपल्याला ‘क’ किंवा ‘म’ म्हणून दिसत एवढेच. शिवाय कोणता आकार कोणत्या जागी बसवायचा, हे प्रत्येक निर्माता आपल्यापुरते ठरवीत असे. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये निरर्थक ठरे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक वर्णाला एकच निश्चित संकेतांक देण्याचे प्रयत्न झाले. ‘इस्की’ या नावाने ओळखले जाणारे भारतीय प्रमाणक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्यातील सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र याच परंपरेतील होय. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे.

जुना फॉन्ट आणि युनिकोड यांतील भेद भाषिकदृष्ट्या उद्बोधक आहे. जुना फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतो, तर युनिकोड ती उच्चारली जातात त्या क्रमाने साठवतो. ‘दिवस’ या शब्दात पहिली वेलांटी ‘द’च्या आधी दिसते, युनिकोडमध्ये मात्र आधी ‘द’ आणि मग वेलांटी येते. ‘मार्ग’मधील रफार ‘ग’च्या डोक्यावर दिसतो, युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून ‘ग’च्या आधी येतो. म्हणूनच मजकुराचे रूपांतर करताना केवळ जागेला जागा जुळवून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. रूपांतराच्या बहुतेक चुका नेमक्या याच ठिकाणी होतात.

या चुका क्षुल्लक नसतात. ‘आचाऱ्यांना मान दिला’ आणि ‘आचार्यांना मान दिला’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात स्वयंपाक करणारे आहेत, दुसऱ्यात गुरुजन. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतही तोच भेद आहे. अर्धा ‘ऱ’ आणि रफार यांची अदलाबदल झाली, तर मुळशीच्या दऱ्यांचा समुद्र होतो! शब्द शुद्धच दिसत असल्याने शुद्धलेखन तपासणारी संगणकीय साधनेही अशी चूक दाखवत नाहीत. ती माणसालाच शोधावी लागते.

दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा प्रस्तुत लेखकास स्वतःलाच अनुभव आहे. पीएच.डी.च्या संशोधनासाठी मुळशी खोऱ्यातील बोलीचे नमुने एका जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेले होते. पुढे संगणक बदलला. फाइली नव्या यंत्रावर सुखरूप आल्या. फॉन्ट मात्र भंगारात दिलेल्या यंत्रावरच राहिला, आणि तोवर तो बाजारातही मिळेनासा झाला होता. फाइली उघडल्या तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसली. प्रबंधात समाविष्ट झालेले नमुने छापील प्रतीमुळे वाचले. प्रबंधाबाहेर राहिलेली टिपणे गेली ती गेलीच. ज्या वृद्ध स्त्रियांनी ते शब्द सांगितले होते, त्यांच्यापैकी बहुतेक जणी तेव्हा हयात नव्हत्या. पुन्हा विचारावे तरी कोणाला?

म्हणून पुढील क्रम पाळावा :
(अ) सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी; तिच्यासोबत फॉन्टच्या फाइलीही घ्याव्यात.
(आ) महत्त्वाच्या प्रत्येक कामाची पीडीएफ प्रत काढावी. तिच्यामुळे मूळ मजकूर कसा दिसत होता, याचा पुरावा राहतो.
(इ) मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि पीडीएफशी ताडून वाचावा. पहिली वेलांटी, रफार, अर्धा ‘ऱ’ आणि जोडाक्षरे यांकडे विशेष लक्ष द्यावे.
(ई) हे काम पुरे होईपर्यंत जुना संगणक मोडू नये. काही जुन्या मराठी प्रणाली संगणकाला जोडलेल्या कुलूपवजा उपकरणाशिवाय चालत नाहीत, आणि ते उपकरण ज्या समांतर पोर्टला लागते तो नव्या मदरबोर्डांवर सहसा नसतो.

४.५ रॅम आणि ३२ बिटची मर्यादा

आता यंत्राकडे वळू. फ्लेक्सची फाइल इतकी जड का होते, हे साध्या गुणाकाराने कळते. १० फूट रुंद व ८ फूट उंच फ्लेक्स इंचाला ७२ बिंदू या हिशेबाने करावयाचा असेल, तर ८,६४० गुणिले ६,९१२ म्हणजे सुमारे ६ कोटी बिंदू होतात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. म्हणजे एका थराला सुमारे २४० एमबी जागा हवी. पार्श्वभूमी, छायाचित्रे आणि नक्षी असे पूर्ण आकाराचे दहा थर झाले, की २.४ जीबी लागतात. केलेली कृती मागे घेता यावी म्हणून प्रणाली जे जुने टप्पे जपून ठेवते, ते याहून वेगळे.

३२ बिटची विंडोज जास्तीत जास्त ४ जीबी रॅम हाताळू शकते, आणि त्यातही एका प्रोग्रॅमच्या वाट्याला सर्वसाधारणपणे २ जीबीच येते. अर्थात आपल्या उदाहरणातील फ्लेक्स तेथे मावूच शकत नाही. उरलेला भाग प्रणाली हार्ड डिस्कवर ठेवू लागते आणि यंत्र ताटकळते. येथे एक सूचना महत्त्वाची आहे : ३२ बिटची प्रणाली तशीच ठेवून १६ जीबी रॅम बसवल्यास पैसे वाया जातात. आधी ६४ बिटची प्रणाली हवी, आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना प्रणाली नव्याने बसवावी लागते. मजकुराची पायरी प्रथम का घेतली, हे यावरूनही ध्यानात येईल.

२०१३ च्या सुमाराच्या संगणकांत डीडीआर३ जातीची रॅम असते. नंतर आलेली डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही. मदरबोर्ड एकूण किती रॅम स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. या उदाहरणातील कामासाठी १६ जीबी पुरेशी ठरावी.

४.६ साठवण

हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवरून वाचनाची सुई सरकत असते. सुई योग्य जागी पोहोचण्यास दर वेळी काही मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. सलग वाचनातही हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी देते, तर साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५०० एमबी देते. त्यामुळे जुन्या संगणकाला सर्वाधिक जाणवणारा लाभ बहुधा एसएसडीचाच होतो. २०१३ च्या मदरबोर्डासाठी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. चिपेसारखी दिसणारी अतिवेगवान एनव्हीएमई एसएसडी अशा बोर्डावर सहसा थेट बसत नाही. प्रणाली आणि चालू कामे एसएसडीवर ठेवावीत, आणि जुनी हार्ड डिस्क पूर्ण झालेल्या कामांच्या संग्रहासाठी वापरावी.

४.७ ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा

पत्रिका, पुस्तकाची पाने आणि साधे फ्लेक्स यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड अनिवार्य नाही. चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय रचना किंवा फोटोशॉपच्या अलीकडील आवृत्त्यांतील जड प्रक्रिया करावयाच्या असतील, तर मात्र ते लागते. कार्ड घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. कॅबिनेटमध्ये त्याची लांबी मावते काय? ते आपल्या सॉफ्टवेअरला हव्या असलेल्या डायरेक्टएक्स आवृत्तीस अनुकूल आहे काय? आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारी पेटी, त्याचा भार पेलते काय? मदरबोर्डावरील खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी तार जोडावी लागते, आणि जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये ती बहुधा नसते. म्हणून अशा संगणकासाठी ७५ वॅटच्या आत चालणारे कार्ड निवडणे श्रेयस्कर. मुळशीचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता यूपीएसवरील खर्च टाळू नये. जतन होत असतानाच वीज गेल्यास फाइल बिघडू शकते.

४.८ कोठे थांबावे

प्रोसेसर बदलण्याचा विचार आला, की सुधारणेची मर्यादा जवळ आली असे समजावे. नव्या पिढीच्या प्रोसेसरला नवा मदरबोर्ड लागतो आणि नव्या मदरबोर्डाला नव्या जातीची रॅम. मग जुन्यातील केवळ पेटी व पडदा उरतो. तो नवा संगणकच होय, आणि त्याचा हिशेब तसाच मांडावा.

दुसरी मर्यादा प्रणालीची आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत २०१३ चा संगणक बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर चालणारी गिम्प, इंकस्केप व स्क्रायबस ही मोफत साधने, हा एक विचारार्ह मार्ग आहे. स्क्रायबसची २०२४ साली आलेली १.६ ही आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवते. ज्यांना इनडिझाइन वापरावयाचे आहे त्यांनी परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. अन्यथा युनिकोड मजकुराच्या वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. येथे दोष मजकुराचा नसून मांडणीचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

४.९ सारांश

सुधारणेचा क्रम असा : अडथळा ओळखणे, मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासणे, ६४ बिटची प्रणाली व पुरेशी रॅम, एसएसडी, आणि कामाची गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरपाशी थांबून नव्या संगणकाचा विचार करावा. यांपैकी प्रत्येक यंत्रभाग बाजारात पुन्हा मिळतो. हरवलेला मजकूर मिळत नाही. म्हणून त्याचे स्थान या क्रमात खर्चाच्या प्रत्येक बाबीच्या आधी आहे.

४.१० स्वाध्याय

१. ३२ बिटच्या प्रणालीवर १६ जीबी रॅम बसवणे निरुपयोगी का ठरते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. ६ फूट रुंद व ४ फूट उंच फ्लेक्सच्या एका थरासाठी, इंचाला ७२ बिंदू व चार रंग या हिशेबाने, किती जागा लागेल?
३. ‘वर्ष’, ‘किल्ला’, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ हे शब्द जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना कोणत्या चुका संभवतात? त्या तुम्ही कशा ओळखाल?
४. तुमच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जुन्या फॉन्टमधील एखादी मराठी फाइल असल्यास तिचे एक पान युनिकोडमध्ये आणा, मूळ प्रतीशी ताडून पाहा आणि आढळलेल्या चुकांची वर्गवारी करा.