फोन ऐकला, पण कोणाच्या सहीने?

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले आणि फोन ऐकण्यापुरता १८८५ चा तार कायदा निवृत्त झाला. वाशिमच्या पाटणी चौकात त्याचे कुणाला सोयरसुतक नव्हते. तिथे पाळत म्हणजे मोर्चाच्या आदल्या दिवशी संयोजकालाच ‘किती माणसं येतील हो?’ असे विचारणारा गोपनीय शाखेचा शिपाई. वेश साधा, पण चहावाल्यापासून सगळ्यांच्या ओळखीचा.

लोक सगळ्यालाच ‘टॅपिंग’ म्हणतात. कायद्यात मात्र शब्द बदलला की सही करणारा बदलतो. बोलणे ऐकायचे तर गृहसचिवांचा आदेश लागतो. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद म्हणजे सीडीआर; तो पोलीस अधीक्षकाच्या पातळीवर मिळतो. तोही विकला जातो! २०१८ च्या ठाण्यातल्या सीडीआर प्रकरणात खासगी गुप्तहेरांसोबत शेजारच्या यवतमाळचा एक पोलीस शिपाईही पकडला गेला होता.

तार कायद्याची पहिली एकशे अकरा वर्षे एका वाक्यात उरकतात: कायद्यात अटी होत्या, पद्धत नव्हती. ती १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. आदेश दोन महिन्यांचा, फार तर सहा.

खरे नाट्य घडले ते त्यानंतर वीस वर्षांनी. २०१६-१७ मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला गेला, असे नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले. बच्चू कडूंचेही नाव फोन ऐकलेल्यांच्या यादीत निघाले. विदर्भातले दोन लोकप्रतिनिधी, आणि कागदावर भलतीच माणसे! आदेशावर सही करणाऱ्याने नाव तरी वाचले होते का, हा प्रश्न तसाच राहिला. पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

त्याच उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात बजावले होते, की लाचेचा संशय म्हणजे कायद्याच्या अटीतली ‘सार्वजनिक सुरक्षितता’ नव्हे. ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. हा निकाल चौकात कुणाला ठाऊक नाही, ‘अमजद खान’ सगळ्यांना ठाऊक आहे.

नव्या नियमांतही राज्याच्या पुनर्विलोकन समितीवर मुख्य सचिव आणि दोन सचिवच बसतात. न्यायाधीश नाही. ज्याचा फोन ऐकला, त्याला तसे कळवण्याची तरतूदही नाही.