कंपनीचा स्टिरिओ, बाहेरचा अँप : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यातून जीप कंपास आणि टाटाची नेक्सॉन बाहेर पडतात. या पिढीच्या गाड्यांत स्टिरिओ हा डॅशबोर्डचाच भाग असतो. गाणी, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, गाडीची सेटिंग, सगळं एकाच पडद्यावर. जुना टेप काढून दुसरा बसवायचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला. शिरूर, दौंड, केडगाव, शिक्रापूर भागातला गाण्याचा शौकीन आता स्टिरिओ कंपनीचाच ठेवतो आणि त्याच्या मागे बाहेरचा अँप्लिफायर जोडतो.

हा मार्ग चांगला आहे. पण आवाजाच्या तक्रारी, उतरलेल्या बॅटऱ्या आणि जळालेल्या वायरी यांचं मूळ बहुतेक वेळा अँपच्या डब्यात नसतं, जोडणीत असतं. अँप कितीचा घेतला याची चर्चा खूप होते, वायर कुठून नेली याची कोणी करत नाही. म्हणून जोडणीविषयीचे नेहमी ऐकू येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : स्टिरिओवरच ‘५० वॉट × ४’ लिहिलंय, अँप कशाला?

वस्तुस्थिती : तो आकडा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टवर, आतला काहीही तोटा धरला नाही तरी, ४ ओहमच्या स्पीकरला सलग २६ वॉटच्या वर स्वच्छ ताकद देता येत नाही. प्रत्यक्षात मिळतात १५ ते २० वॉट. अँपच्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, म्हणून तो ही मर्यादा ओलांडतो.

मात्र वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची होते. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. अँपचा खरा फायदा असा, की मोठ्या आवाजातही ढोलकीची थाप फाटत नाही आणि गायकाचा शब्द स्पष्ट राहतो.

गैरसमज २ : कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नाही, म्हणून वायरिंग कापावंच लागतं.

वस्तुस्थिती : आरसीए म्हणजे अँपला लहान सिग्नल देणारी जोडणी. ती नसली तरी बऱ्याच अँपना ‘हाय लेव्हल इनपुट’ असतो. स्पीकरकडे जाणारा सिग्नल थेट तिथे देता येतो. असा इनपुट नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर लावतात. तो स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएला चालेल इतका लहान करतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आजच्या स्टिरिओत स्पीकरची मायनस वायर ही बॉडी अर्थ नसते. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, सहा-सात व्होल्ट कायम असतात. त्यातली एकही बॉडीला टेकवली तर स्टिरिओची आउटपुट आयसी जाऊ शकते. ‘मायनस म्हणजे अर्थच’ असं म्हणत कोणी ती वायर बॉडीला जोडायला निघाला, तर तिथेच थांबवा.

वायर कापण्याची गरजही बहुधा नसते. अनेक मॉडेलसाठी मध्ये घालायचे तयार कपलर मिळतात. त्याचं एक तोंड स्टिरिओत, दुसरं मूळ वायरिंगमध्ये जातं, आणि गाडी विकताना सगळं जसंच्या तसं काढता येतं. वॉरंटीच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचं. बाहेरच्या वस्तूमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, आणि कापून टेप मारलेलं वायरिंग दिसलं की इलेक्ट्रिकल बिघाडाचा दावा अडकायला कारण मिळतं.

काही स्टिरिओ स्पीकर जोडलेला आहे की नाही हेही तपासतात. अँप जोडल्यावर एखादी बाजू मुकी झाली, तर आधी हे कारण पाहा. योग्य रेझिस्टर किंवा तशी सोय असलेला कन्व्हर्टर लावला की काम होतं.

गैरसमज ३ : करंट काय, स्टिरिओच्या मागूनही घेता येतो.

वस्तुस्थिती : स्टिरिओचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा आणि वायर तेवढ्यापुरतीच असते. जोरात वाजणारा अँप ४० अँपिअर सहज ओढतो. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र केबलच हवी.

विहिरीवरची मोटर लांब पडली आणि केबल बारीक टाकली की मोटर दमते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. गाडीतही तेच होतं, फक्त व्होल्ट मुळातच कमी असल्याने नुकसान जास्त जाणवतं. पाच मीटर लांब, ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या केबलमधून ४० अँपिअर गेले की ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ गेजमध्ये हाच तोटा ०.१६ व्होल्टवर येतो. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हा हिशेब उलटा आहे.

स्वस्त किटमध्ये बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. ती तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच करंट वाहते. वरच्या जाड प्लास्टिकवर जाऊ नका. टोक कापून आतल्या तारा पाहा, ब्लेडने खरवडून पाहा. पांढुरकी चमक दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम. अशी तार वापरायचीच असेल तर एक माप जाड घ्या.

गैरसमज ४ : अँपवर फ्यूज आहे, दुसरा कशाला?

वस्तुस्थिती : अँपवरचा फ्यूज अँपसाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज केबलसाठी असतो, आणि आग लागण्याचा धोका केबललाच आहे. ती इंजिनच्या बाजूने पत्र्याच्या भोकातून आत येते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर पत्र्याची धार वेष्टण कापत राहते. एके दिवशी तांबं बॉडीला टेकतं. त्या क्षणी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि डिकीतल्या अँपवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालेला असतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून दीड फुटाच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत. केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज घालायचा नाही, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची तर कधीच नाही.

गैरसमज ५ : अर्थ कुठेही मारला तरी चालतो. शिट्टी येते म्हणजे अँप खराब.

वस्तुस्थिती : रेस दिली की सूर चढत जाणारी शिट्टी अल्टरनेटरची असते. स्टिरिओचा अर्थ आणि अँपचा अर्थ यांत थोडासाही व्होल्टचा फरक पडला की ती आवाजात शिरते. अँप बदलून ती जात नाही.

अर्थाची जागा अशी करा : अँपपासून जवळ, बॉडीच्या जाड पत्र्यावर, सीटबेल्टचा बोल्ट वगळून. रंग आणि प्रायमर खरवडून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा. केबलला नीट दाबलेली लग लावा, खाली दातेरी वॉशर द्या, नट घट्ट आवळा आणि वरून गंज न लागण्यासाठी रंग किंवा ग्रीस. अर्थाची केबल पॉवरच्या केबलइतकीच जाड हवी. मग गाणं जोरात लावून मल्टिमीटरची एक पिन अँपच्या अर्थावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरा. पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड पुन्हा करा. आरसीए वायर आणि पॉवर केबल गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

गैरसमज ६ : गेन म्हणजे आवाजाचं बटण. पूर्ण फिरवलं की पूर्ण ताकद.

वस्तुस्थिती : गेन स्टिरिओच्या सिग्नलशी अँपचं माप जुळवतो. तो जास्त झाला की लाटेची टोकं छाटली जातात, स्पीकरची कॉइल तापते आणि ट्विटर आधी जातो. अशा छाटलेल्या आवाजाने लहान अँपही स्पीकर जाळू शकतो.

जुळवणीला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर सोडवा, बेस-ट्रेबल शून्यावर ठेवा, गेन सगळ्यात खाली. पेन ड्राइव्हवर ४०० हर्ट्झचा, वूफरसाठी ५० हर्ट्झचा, सलग सूर घ्या आणि स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवा. अँपच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट आले की थांबा. ५० वॉट आणि ४ ओहमसाठी हा आकडा १४.१ आहे.

गैरसमज ७ : रात्रीत बॅटरी उतरते किंवा बेसला दिवे मंदावतात. कपॅसिटर लावा.

वस्तुस्थिती : ही दोन वेगळी दुखणी आहेत. बॅटरी उतरते ती बहुधा रिमोटच्या, म्हणजे अँपला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या वायरीमुळे. कंपनीच्या स्टिरिओतून ही वायर सहसा मिळत नाही, मग ती सरळ चालू करंटवर जोडली जाते आणि अँप रात्रभर जागा राहतो. नुसता बसलेला अँप एक अँपिअर घेत असेल तर बारा तासांत ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला. रिमोट किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, किंवा सिग्नल ओळखून आपोआप चालू-बंद होणारा अँप घ्या.

दिवे मंदावण्यावर एक फॅरडचा कपॅसिटर मोठा उपाय नाही. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो सुमारे ३२ ज्यूल देतो. ५०० वॉटच्या ओढीला हे सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकंही पुरत नाही. आधी केबल, अर्थ आणि बॅटरीची टर्मिनलं तपासा. नवा अँप घेताना क्लास डी घ्या, तेवढ्याच आवाजाला तो कमी करंट घेतो.

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, १२ व्होल्ट कन्व्हर्टरमधून येतात. तिथे नारिंगी वेष्टणाच्या उच्च दाबाच्या केबलला हात लावू नका, आणि कन्व्हर्टरची क्षमता समजल्याशिवाय मोठा अँप बसवू नका.

गैरसमज ८ : ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एकीवरून १२ व्होल्ट घ्यायचे.

वस्तुस्थिती : उसाच्या हंगामात न्हावरा-चौफुला रस्त्यावर धावणाऱ्या मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. एकाच बॅटरीवर अँपचा भार टाकला की ती कायम अर्धी भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. कारचा अँप थेट २४ व्होल्टला जोडणं तर त्याला जाळणंच. पुरेशा क्षमतेचा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर हाच उपाय.

आवाज स्वच्छ झाला की तो वाढवत जाण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. रहिवासी भागात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गाडीतलं गाणं गाडीतच राहावं.

अँप बसवून घेतल्यावर किल्ली हातात घेण्याआधी बसवणाऱ्यासमोरच पाच गोष्टी पाहा. बॅटरीजवळ फ्यूज आहे का? पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट आहे का? अर्थाखाली रंग खरवडला आहे का? किल्ली काढल्यावर अँपचा दिवा विझतो का? आणि उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, तेव्हा अँपभोवती हवा खेळायला जागा आहे का? चांगला कारागीर हे सगळं आनंदाने दाखवतो. जो टाळतो, त्याच्याकडून काम पुन्हा करून घ्या.