निकाह झाला, मुलं झाली, पण नागरिकत्व?

कराचीची मामेबहीण आणि मुंबईचा मुलगा, अशी नात्यातली लग्नं कोकणी घरांत नवी नाहीत. सून अंधेरी-घाटकोपरला नांदायला येते, मुलं शाळेत जाऊ लागतात आणि घरच्यांना वाटतं, आता ती भारतीयच झाली. कायद्याने ती झालेली नसते. निकाहनाम्याने फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो, तोही काही वर्षांनी.

नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये कलम ५ आणि कलम ६ असे दोन रस्ते आहेत. भारतीयाशी लग्न झालेल्यांसाठी कलम ५, म्हणजे नोंदणी. त्यासाठी सात वर्षं भारतात राहावं लागतं: अर्जाआधीचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या ८ वर्षांपैकी किमान ६ वर्षं. असं नातं नसेल तर कलम ६, ज्याला नॅचरलायझेशन म्हणतात. तिथेही शेवटचे १२ महिने सलग, पण त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा समाजांसाठी ही ११ वर्षं ५ वर आणली. मुसलमान त्यात नाहीत. हा भेदभाव आम्हाला खटकतो. पण कलम ५ आणि ६ चा रस्ता आपल्यासाठी बंद झालेला नाही, हेही घराघरांत सांगायला हवं.

ही वर्षं फक्त अर्ज करण्यासाठी लागतात. निकालाला पुढे आणखी वेळ जातो. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे, मग पोलीस चौकशी, राज्य सरकार आणि शेवटी दिल्लीचं गृह मंत्रालय. "दोन महिन्यांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

गायक अदनान सामी २००१ मध्ये आले, नागरिकत्व मिळालं १ जानेवारी २०१६ ला. मधल्या काळात त्यांचा पाकिस्तानी पासपोर्ट संपला, तिकडून नवा मिळेना. सरकारने मानवतेच्या आधारावर त्यांना राहू दिलं. आपल्या सुनेसाठी तसं होईल हे धरून चालू नका.

म्हणून व्हिसाची मुदत एक दिवससुद्धा चुकवू नका. मुदत संपल्यावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत 'अवैध स्थलांतरित' ठरते आणि तिला अर्जच करता येत नाही. त्याची झळ मुलांनाही लागते. ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायला आईबापांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा. वडील पक्के मुंबईकर असले तरी आईच्या जुन्या पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के मुलाच्या कामाचे असतात. ते फेकू नका.

नागरिकत्वाआधी मतदार यादीत नाव घालणं हा गुन्हा आहे, आणि चौकशीत तेच अंगाशी येतं. आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

कलम ६ साठी भाषेचं ज्ञानही दाखवावं लागतं. आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरते, आणि उर्दू-मराठी दोन्ही त्यात आहेत, त्यामुळे आपल्या लोकांना याची काळजी नको.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, जुन्या देशाचं सोडावंच लागतं. पण दिल्लीहून मंजुरीचं लेखी पत्र येईपर्यंत ते सोडायची घाई करू नका, नाहीतर दोन्हीकडचं हातातून जायचं.