आईचा हात प्लास्टरमध्ये, बाबा गॅससमोर आणि ओट्यावर हिंदी बोलणारा डिस्प्ले

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत. रेकॉर्डिंगमध्ये मधेच मिक्सर ऐकू येतो तो मुद्दाम ठेवलाय, का ते पुढे कळेल.

विषय आहे स्वयंपाकघरातला स्मार्ट डिस्प्ले. म्हणजे आवाजावर चालणारा तो सात-आठ इंची स्क्रीन. अमेझॉनचा पहिला एको शो २०१७ मध्ये आला, गुगलचा नेस्ट हब भारतात २०१९ मध्ये. आमच्या घरी कुठल्या कंपनीचा आहे ते सांगणार नाही, कारण पुढे मी त्याच्या बऱ्याच चुका सांगणार आहे.

आमचं घर साताऱ्यात. मी पुण्यात नोकरीला, आजी म्हणजे आईची आई सांगलीत. मागच्या हिवाळ्यात आई मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरात उरले बाबा, ज्यांनी जन्मात चहा सोडून गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं. मी दोन आठवडे घरून काम केलं, पण कायम तसं चालणार नव्हतं. डबा लावायचा म्हटलं तर आईला ते पटेना. शेवटी मी डिस्प्ले आणून ओट्यावर ठेवला आणि बाबांना म्हणालो, "हात पिठात असले तरी चालतं. तुम्ही नुसतं विचारायचं."

पहिलं वाक्य आईनंच टाकलं. "तुरीची डाळ किती वेळ शिजवायची?" स्क्रीन गोल फिरला आणि म्हणाला, माफ कीजिए. आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच म्हणालो.

आता इथे इंजिनिअरिंगचा थोडा भाग येतो, पळवू नका. डिस्प्लेमध्ये एक छोटं मॉडेल सतत ऐकत असतं, पण त्याला फक्त एकच गोष्ट ओळखायची असते, हाक मारायचा शब्द. मागच्या काही सेकंदांचा आवाज मेमरीत राहतो आणि पुसला जातो, पुन्हा नवा येतो. हाक ओळखली की पुढचं बोलणं इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातं. तिथे आधी आवाजाचं अक्षरांत रूपांतर होतं. मग त्या अक्षरांतून दोन गोष्टी शोधतात, तुम्हाला काय करायचंय आणि कशाचं. "भात के लिए दस मिनट का टाइमर लगाओ" यात काम आहे टायमर, वेळ आहे दहा मिनिटं आणि नाव आहे भात. एवढं सापडलं की गाडी पुढे जाते, नाही तर माफ कीजिए.

आमच्या डिस्प्लेला भाषा दोनच, भारतीय इंग्रजी आणि हिंदी. लिपी एक असल्यानं आपल्याला वाटतं की हिंदी समजणाऱ्याला मराठी निम्मं तरी कळेल. पण मशीन लिपी वाचत नाही, ध्वनी ऐकतं. आपल्या 'डाळ'मधला ळ प्रमाण हिंदीत नाही. 'चमचा' आपण म्हणतो तेव्हा जीभ दातांना लागते, हिंदी 'चम्मच'मध्ये ती टाळूला लागते. 'दहा', 'पंचवीस', 'पाव तास' यांची तर हिंदीत रूपंच वेगळी. हिंदीवर शिकलेल्या मॉडेलसाठी आईचं वाक्य म्हणजे अर्धवट ओळखीच्या आवाजांचा गोंधळ, आणि ते त्यातल्या त्यात जवळचा हिंदी शब्द उचलून पुढे जातं.

तोडगा आईनं काढला, मी नाही. तिनं डिस्प्लेशी हिंदी बोलायला सुरुवात केली. साताऱ्याची हिंदी, "तूर की दाल कितना टाइम शिजाने का", आणि गंमत म्हणजे तीनपैकी दोन वेळा ते चालायचं. पण मला ते बघवेना. ज्या खोलीत ती तीस वर्षं राज्य करते, तिथे तिला बोलण्याआधी मनात भाषांतर करावं लागत होतं. शनिवारी मी घरी गेलो तर ती मलाच म्हणाली, "पाणी लगा के दे." नंतर आम्ही दोघंही हसलो. पण ते काही फार हसण्यासारखं नव्हतं.

बाबांचं मात्र बरं चाललं होतं. त्यांना आकडे आवडतात, आयुष्यभर हिशेबाचं काम केलंय. त्यांनी शोधून काढलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे नावाचे टायमर. एकाच वेळी तीन लावायचे, कुकर, दूध आणि आईची गोळी. वाजताना तो नाव घेऊन सांगतो, त्यामुळे कुठला वाजला हे शोधत बसावं लागत नाही.

कुकरवर आमचा बराच वाद झाला. आई शिट्ट्यांत बोलते, डिस्प्ले मिनिटांत. आमच्या डिस्प्लेला शिट्ट्या मोजता येत नाहीत. पण खरं सांगायचं तर शिट्टी हे वेळेचं मापच नाही. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांला उकळतं आणि डाळ लवकर शिजते. दाबानं वजन उचललं गेलं की शिट्टी. दोन शिट्ट्यांमधलं अंतर आच किती, पाणी किती यावर ठरतं. आईच्या चार शिट्ट्या बरोबर येतात कारण गॅस, कुकर आणि हात तिचाच असतो. बाबांच्या हाताखाली त्याच चार शिट्ट्यांत डाळ एकदा कच्ची राहिली, एकदा खाली लागली. मग असं ठरलं की पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि तिथून आठ मिनिटांचा टायमर. डाळ प्रकरण मिटलं.

आता मिक्सर. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मिक्सर ८० ते ९०. हा फरक दिसतो तेवढा लहान नाही, २५ डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा तीनशेपटीहून जास्त. डिस्प्लेला एकाहून जास्त माइक असतात. तुमचा आवाज एका माइकवर जरा आधी पोहोचतो, दुसऱ्यावर जरा नंतर. माइकांत सात सेंटीमीटर अंतर धरलं तर हा फरक फार तर एका मिलिसेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यावरून तो आवाजाची दिशा ओळखतो आणि त्या बाजूचं जास्त ऐकतो. स्वतः वाजवत असलेलं गाणंही तो वजा करू शकतो, कारण काय वाजतंय ते त्याला ठाऊक असतं. मिक्सर काय वाजवणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मिक्सर आणि डिस्प्ले ओट्याच्या दोन टोकांना ठेवा, शेजारी नको. भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. फोडणी उडेल इतका जवळ नको आणि नळापासून तर लांबच. मिक्सर चालू असताना ओरडू नका, दहा सेकंद थांबा. बाबा अजूनही ओरडतात.

आणि मग झालं आमटीचं. त्यासाठी बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांना एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात 'चटणी' म्हणजे इडलीबरोबरची चटणी नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. लाल मिरची, धने, तीळ, खोबरं, गरम मसाला, परतलेला कांदा, लसूण, उन्हाळ्यात हे सगळं कांडून बरणीत भरायचं. आमटी असो, उसळ असो की अख्खा मसूर, चमचाभर चटणी पडल्याशिवाय ते आमचं होत नाही. बाबांनी डिस्प्लेला चटणी विचारली, त्यानं ओल्या नारळाची दाखवली. ते ठीकच होतं. मग त्यांनी आमटीची रेसिपी लावली. तिच्यात होतं एक चमचा लाल तिखट, एक चमचा मीठ. बाबांनी लाल तिखटाऐवजी चटणी घातली, कारण घरात तेच असतं, आणि मीठ सांगितल्याप्रमाणे. आमटी तोंडात घालवेना. आईला वाटलं यांनी मीठ दोनदा घातलं, बाबांना वाटलं रेसिपी चुकीची. दोघांची चांगली जुंपली, मी फोनवर.

उत्तर सांगलीहून आलं. आजी म्हणाली, "आरं, चटणीत मीठ आसतंयच की! त्या बाईला काय म्हाईत?"

मीठ चटणी टिकावी म्हणून घालतात, म्हणून पुढे भाजीत ते हात राखून घालायचं. आईला हे इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं तिला सुचलंच नाही. बाबांना माहीत असायचं कारण नाही. आणि डिस्प्लेनं जिथून रेसिपी उचलली, तिथल्या लिहिणाऱ्याच्या घरात आमची बरणी नव्हती. मी रोज कोड लिहितो, यात चूक नेमकी कुणाची ते मला लगेच कळायला हवं होतं. कळलं नाही.

मापांचंही तेच. डिस्प्लेचा 'कप' म्हणजे २४० मिलिलिटर. आपल्याकडचा हा प्रश्न एका बाईंनी खूप आधी सोडवला होता, त्या आमच्याच भागातल्या. कमलाबाई ओगले, जन्म सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. त्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं, तुमच्या आईच्या किंवा आजीच्या कपाटात पिवळ्या पानांची एखादी प्रत असेलच. त्यात मापं आहेत वाटीची आणि चमच्याची, म्हणजे जी भांडी मांडणीवर आहेत त्यांची. एकच वाटी सगळ्याला वापरली की ती लहान का मोठी हा प्रश्न राहत नाही, प्रमाण बरोबर येतं. मला विचाराल तर हे फार हुशार डिझाइन आहे. मी आजीची रोजची वाटी मोजली, ती १३० मिलिलिटर भरली. डिस्प्लेच्या कपाच्या निम्मीच. निम्मं साहित्य कपानं आणि निम्मं आजीच्या वाटीनं घेतलं की काय होईल ते बघा.

तर आमटीनंतरच्या रविवारी मी सांगलीला गेलो. फोन, स्टँड आणि छोटा वजनकाटा घेऊन. आजी आधी कॅमेऱ्याकडे बघेना, मग अशी बोलायला लागली की मला बॅटरी दोनदा चार्ज करावी लागली. तिचं माप मुठीचं. धन्यांची मूठ तीनदा काट्यावर ओतायला लावली तर २२, २५ आणि २१ ग्रॅम. एवढी अचूक मूठ. फक्त मिठाला ती म्हणाली, "त्ये डोळ्यानं कळतंय." तिथे माझा काटा थांबला.

आमटी, पिठलं, वांगं आणि भाकरीचं पीठ मळणं असे चार व्हिडिओ केले, प्रत्येक सहा-सात मिनिटांचा. ते यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवले, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतात. बाबांच्या फोनवर ती प्लेलिस्ट आहे, तिथून ते डिस्प्लेवर कास्ट करतात. एकदा सुरू झालं की थांबवणं, दहा सेकंद मागे नेणं हे आवाजानं होतं, पिठाचे हात फोनला लागत नाहीत. हुकूम हिंदीत, पण शिकवते आजी, मराठीत. आई पहिल्यांदा तो व्हिडिओ बघत होती तेव्हा प्लास्टरचा हात कडेला ठेवून नुसती उभी होती. मग म्हणाली, "अगं बाई, ती हिंग तेलात नाही, पाण्यात घालते."

दोन गोष्टी पटकन सांगतो. आमच्या डिस्प्लेला बॅटरी नाही. एकदा लाईट गेली, टायमर गेला आणि दूध उतू गेलं. गॅसवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं असेल तर फोनवरही अलार्म लावा. दुसरी, जरा गंभीर. हाकेच्या शब्दासारखं काही ऐकलं की तो चुकून जागा होतो, टीव्हीवरच्या मालिकेनंसुद्धा. एकदा मी ॲपमध्ये आवाजाची हिस्टरी उघडली तर त्यात नऊ सेकंदांची क्लिप होती, आई आणि मावशी माझ्या लग्नाबद्दल बोलत होत्या. काय बोलत होत्या ते इथे येणार नाही. तुम्ही आज घरी जाऊन तीच हिस्टरी उघडा, आपोआप डिलीट व्हायची मुदत तीन महिन्यांवर लावा, आणि माइक बंद करायचं बटण कुठे आहे ते घरच्यांना दाखवा. स्वयंपाकघरात लोक मनातलं बोलतात. डिस्प्ले मी आणला, त्यामुळे हे आधी मी सांगायला हवं होतं.

विकत घ्यायचा का, असं विचाराल तर थांबा. तुमच्या हातातल्या फोनवर गुगल असिस्टंटला २०१८ मध्येच मराठी यायला लागलं, आणि जेमिनी लाइव्हमध्ये २०२४ पासून मराठीत गप्पा मारता येतात. दीडशे रुपयांच्या स्टँडवर फोन ठेवून आठवडाभर बघा. आणि मशीनला आपली मराठी कळत नाही म्हणून चिडचिड होत असेल, तर मोझिलाचं कॉमन व्हॉइस आणि सरकारच्या भाषिनीचं भाषादान, दोन्हीकडे मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. मी दिलाय. आजीचा अजून नाही, ती म्हणते छापील वाक्य वाचायला काय मी शाळेत आहे का.

आईचं प्लास्टर निघालं. ती आता डिस्प्लेचा फक्त टायमर वापरते. आमटी बुधवारी आणि रविवारी बाबाच करतात, मीठ सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात आजी चटणी करेल तेव्हा मी काटा घेऊन पुन्हा जाणार आहे, या वेळी मिठाचं भांडं आधी आणि नंतर, असं दोनदा वजन करायचं ठरलंय. तिला सांगितलेलं नाही.

तुमच्या घरच्या डिस्प्लेनं काय काय ऐकलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. मराठीत पाठवा, इथे ऐकणारा मीच आहे.