नर-मादीचा धबधबा आणि नऊशे एमबी

व्हिडिओ कन्व्हर्ट केला की फाईल लहान होते, असा आपल्या हॉस्टेलवर एक सर्वमान्य समज आहे. स्टाफरूमही त्याला अपवाद नाही, हे मी आदरपूर्वक नमूद करतो. प्रत्यक्षात कन्व्हर्टर म्हणजे फाईल दाबून लहान करणारं यंत्र नव्हे. ते एका पद्धतीने लिहिलेला व्हिडिओ उलगडतं आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा लिहून काढतं. लिहिताना शाई किती वापरायची हे आपण सांगितलं नाही, तर ते आपल्या मनाने ठरवतं आणि मग वही फुगते.

उदाहरण आमच्या नळदुर्गचंच घेतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने गेलेल्यांना गाव माहीत असेलच. इथल्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. दुसरा इब्राहिम आदिलशाह १५८० ते १६२७ गादीवर होता, त्याच्या काळातलं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं, तेच नर आणि मादी धबधबे. माझ्या एका मित्राने तिथे सहा मिनिटांचं शूटिंग केलं. फोनमधली फाईल होती ३६० एमबीची. वेबपेजवर टाकायची म्हणून त्याने ती कन्व्हर्ट केली, तर झाली ९०० एमबी! "लेका, पाणी फाईलमध्ये शिरलं की काय?" असं कोणीतरी म्हणालं. थट्टेत म्हणाला, पण उत्तर बरोबर होतं. त्याकडे येतोच.

आधी गणित. फाईलची साइज म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. बस्स. रिझोल्यूशन, फ्रेमरेट, रंग यांतलं काहीही या सूत्रात थेट येत नाही, ते सगळं बिटरेटच्या वाटेने येतं. ३६० एमबीला ८ ने गुणा (एका बाइटमध्ये आठ बिट), ३६० सेकंदांनी भागा, सेकंदाला ८ मेगाबिट निघतात. तसंच ९०० एमबीचं केलं तर २० मेगाबिट. म्हणजे हा व्हिडिओ न अडखळता बघायला सेकंदाला २० मेगाबिट सलग मिळाले पाहिजेत. वाडीवस्तीवर एका रेघेच्या रेंजमध्ये बसलेल्या आजीला ते कुठून मिळणार? तिच्या स्क्रीनवर धबधबा नाही, गोल फिरणारं चक्रच दिसणार. शिवाय रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधली निम्म्याहून जास्त रक्कम एकाच व्हिडिओत खर्च.

मग आठाचे वीस का झाले? फाईलची कुंडली पाहिली की कळतं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कोडेक, बिटरेट, फ्रेमरेट, ऑडिओ सगळं दिसतं. सेटिंगला हात लावण्याआधी हे पाहायचंच. नुसते डोळे झाकून बटणं दाबत बसलात तर रात्र जाते.

इथे पहिली गोष्ट दिसली ती कोडेकची. फोनने एच.२६५ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. हे २०१३ चं स्टँडर्ड. कन्व्हर्ट करताना निवडलं गेलं एच.२६४, म्हणजे २००३ चं. जुनं आहे पण जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे वेबसाठी निवड चुकीची नाही. फक्त तीच क्वालिटी टिकवायला एच.२६४ ला साधारण दुप्पट बिट लागू शकतात, हे धरून चालावं.

दुसरी गोष्ट क्वालिटीचा आकडा. हँडब्रेक किंवा एफएफएमपेगमध्ये सीआरएफ नावाचा आकडा असतो. एक्स२६४ मध्ये तो न सांगता २३ धरला जातो. आकडा जितका लहान तितकी क्वालिटी चांगली आणि फाईल मोठी. ढोबळ हिशोब असा की आकडा सहाने कमी केला की बिटरेट दुपटीच्या आसपास जातो. मित्राच्या सेटिंगमध्ये तो १८ होता. लक्षात घ्यायचं ते हे की सीआरएफ हा क्वालिटीचा हुकूम आहे, साइजचा नाही. "एवढी क्वालिटी दे, खर्च किती होईल तो होवो," असं आपण एन्कोडरला सांगतो. तो बिचारा सांगितलं तेच करतो.

आणि आता पाणी. व्हिडिओ लहान होतो त्याचं मुख्य कारण म्हणजे एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. चित्राचे चौकोनी तुकडे पाडतो, आणि "हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये अमुक जागी होता, तिथून उचल" एवढंच लिहितो. किल्ल्याची भिंत म्हणजे या कामाला सोनं! दगड हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर सेकंद न् सेकंद जवळजवळ फुकटात जातात. एसटी रस्त्याने जातेय, तीही चालते, तुकडा थोडा सरकवला की झालं. पण कोसळणारं पाणी आणि उडणारे तुषार? या फ्रेममधला थेंब पुढच्या फ्रेममध्ये त्या रूपात नसतोच. एन्कोडर मागे शोधतो, काही जुळत नाही, आणि मग सगळं पहिल्यापासून लिहीत बसतो. सेकंदाला तीस वेळा. ज्या दृश्यासाठी माणसं इतक्या लांबून येतात, नेमकं तेच एन्कोडरच्या मुळावर येतं.

गॅदरिंगच्या व्हिडिओतही हाच प्रकार. तिथे पाणी नसतं, पण अंधार असतो. कमी उजेडात कॅमेरा जे दाणेदार चित्र देतो, तो दाणा दर फ्रेमला बदलतो. आपल्या डोळ्याला तो काळा पडदा, एन्कोडरला मात्र तो धबधबाच. अशा वेळी कन्व्हर्ट करताना हलका डीनॉइज फिल्टर लावला की साइज लक्षात येण्याइतकी उतरते. धबधब्याला मात्र हा उपाय करू नये, तुषारांचा मेणाचा पुतळा होतो.

मग धबधब्याचं काय करायचं? सीआरएफ २३ वर आणला, आणि त्याच्या जोडीला कमाल बिटरेटची मर्यादा घातली. मॅक्सरेट अडीच मेगाबिट, बफर त्याच्या दुप्पट, रिझोल्यूशन ७२० वर. आता भिंतीच्या दृश्यात बिट वाचतात आणि पाण्याच्या दृश्यात एन्कोडरला हात आखडता घ्यावा लागतो. सहा मिनिटांना अडीच मेगाबिट म्हणजे ११२ एमबीच्या आसपास वरची हद्द झाली, आवाज वेगळा. सोबत ३६० रिझोल्यूशनची ७०० किलोबिटवाली दुसरी प्रत केली, ती साधारण ३० एमबी. स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून अशा दोन-तीन प्रती ठेवतात आणि प्लेअर रेंज पाहून हवी ती उचलतो. लहान प्रतीत तुषार जरा गिचमिड दिसतात, खोटं कशाला बोला. पण चालू राहणारा गिचमिड धबधबा अडकलेल्या सुंदर धबधब्यापेक्षा बरा, असं माझं मत.

अपलोडला ठरावीक एमबीची अट असेल तर सीआरएफ सोडा आणि टू-पास वापरा. १०० एमबीत सहा मिनिटं बसवायची तर ८०० मेगाबिट भागिले ३६०, म्हणजे सुमारे २.२ मेगाबिट. त्यातून आवाजाचे १२८ किलोबिट वजा करा, उरलेलं थोडं हात राखून चित्राला द्या.

आवाजावरून आठवलं. काही कन्व्हर्टर आवाज न दाबता पीसीएममध्येच ठेवतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट नुसत्या आवाजाचे, आपल्या ३६० वाल्या चित्राच्या दुप्पट! एएसी करून टाका. तसंच गडबडीत एन्कोडरचा सगळ्यात फास्ट प्रीसेट लावला तर त्याच सीआरएफला फाईल बरीच मोठी निघते. लॅपटॉप तापतो हे मान्य, पण रात्री मेसला जाताना स्लो लावून जावं.

विभागांच्या कपाटात जुन्या मिनी-डीव्ही टेपा असतील तर त्यांची गोष्ट निराळी. एका तासाची टेप कॉम्प्युटरवर घेतली की १३ जीबीच्या आसपास होते, हा बिघाड नाही, तो फॉरमॅटच तसा आहे. मात्र ते चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या एकाआड एक रेघा. डीइंटरलेस न करता कन्व्हर्ट केलं तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात आणि ते दाते लिहिण्यात बिट वाया जातात. ७२० बाय ५७६ च्या त्या चित्राला ओढून फुल एचडी करण्याचा मोहही टाळावा. टेपेत नसलेला तपशील कन्व्हर्टर आणणार कुठून, नुसती फाईल वाढते. आणि कन्व्हर्ट झाल्यावर जागा हवी म्हणून मूळ कॅप्चर उडवू नका. टेपा खराब होत जातात, पुन्हा वाचता येतीलच असं नाही.

शेवटचं एक सेटिंग, हँडब्रेकमध्ये ते वेब ऑप्टिमाइज्ड नावाने असतं आणि एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्ट. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी लिहिलेली असते, ती या टिकने सुरुवातीला येते. साइज एका केबीनेही घटत नाही, पण प्लेअरला अनुक्रमणिका आधीच हाती लागते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो.