शर्यतीच्या गाडीचे चाक आणि चालकाची पाठ

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो. ती दबत नाही, म्हणून वाटेतला प्रत्येक दगड थेट बसणाऱ्याच्या कण्याला कळतो. मोटारीचा टायर ही धावच. पण त्याच्या पोटात हवा असते आणि रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत उभी असते. या भिंतीवर बरेच काही अवलंबून आहे.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांना २०२१ अखेरपर्यंत १३ इंची रिम होते व टायरचा व्यास ६७० मिलिमीटर होता. २०२२ पासून रिम १८ इंची आणि व्यास ७२० मिलिमीटर झाला. वाचकांनी हिशेब करून पाहावा: भिंत सुमारे १७ सेंटिमीटरांवरून १३ वर आली.

उंच भिंत म्हणजे एक स्प्रिंगच. ती हादरे खाते. पण वळणावर आडवी झुकते, त्यामुळे चालकाने चक्र फिरवले तरी गाडी क्षणभर उशिरा ऐकते. शिवाय भिंत दबते-फुगते तशी भोवतालची हवा विस्कटते, आणि त्या हवेच्या दाबावरच तर गाडी रस्त्याला चिकटून राहते. बुटक्या भिंतीने हे दोष बरेच कमी होतात. मात्र मोठे चाक जड, आणि फिरते वजन पळवायला इंजिनाला व थांबवायला ब्रेकांना अधिक राबावे लागते. रिम मोठे की गाडी वेगवान, हा समज आम्हांला पटत नाही.

धक्का नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी वाट्याला जातोच. २०२२ साली तळाखालची हवा गाडीला खाली ओढी, सोडी, पुन्हा ओढी. मूळ दोष त्या हवेचा आणि ताठ स्प्रिंगांचा. पण रबरी उशीही आता पातळ झाली होती. बाकूच्या शर्यतीनंतर लुइस हॅमिल्टनला पाठीच्या वेदनांमुळे गाडीतून उतरणे जड गेले. तेव्हा कुठे नियामक संस्थेने, चालकांच्या आरोग्याचे कारण देऊन, या उसळीला मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्राच्या कंपनांविषयी आम्ही कामगारांच्या वतीने वर्षानुवर्षे हेच मागत आलो. तिथली पाठ प्रसिद्ध नसते एवढेच.

चाके बदलणाऱ्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. २०१९ मध्ये ब्राझीलला रेड बुलच्या माणसांनी १.८२ सेकंदांत चारही चाके बदलली होती. चाके जड झाल्यावर, २०२३ मध्ये कतारला, मॅक्लारेनच्या माणसांनी तेच काम १.८० सेकंदांत केले.